माळ्यावरचे संगणक : एका हौशी युगाच्या इतिहासाची साधने

पुनावळे : घरात वापरावयाच्या छोट्या संगणकाचा इतिहास सरकारी दप्तरात फारसा सापडत नाही. तो घडला हौशी माणसांच्या टेबलावर, सोल्डरिंगच्या धुरात आणि दिवाणखान्यातील दूरचित्रवाणी संचासमोर. त्यामुळे त्याची साधनेही घराघरांतच विखुरलेली आहेत. माळ्यावरचे खोके, कॅसेटची डबी, पिवळी पडलेली माहितीपुस्तिका, दुकानदाराची पावती आणि ते यंत्र ज्यांनी चालविले त्यांच्या आठवणी, एवढाच काय तो ऐवज. १९८५ मध्ये विशीत असलेली पिढी आता साठीत आहे, आणि घर बदलताना सर्वांत आधी रिकामा होतो तो माळा.

पिंपरी-चिंचवडच्या पश्चिम टोकाला, मुंबई-बंगळूर महामार्गालगत असलेले पुनावळे १९९७ मध्ये महापालिकेत आले. शेजारच्या हिंजवडीत माहिती तंत्रज्ञान नगरी उभी राहिली आणि पुनावळ्याच्या शेतांत पाहता पाहता उंच इमारती आल्या. या नव्या घरांत राहावयास आलेली कुटुंबे सदाशिव पेठेतून, चिंचवडच्या जुन्या वसाहतींतून, नाशिक-सोलापूर-नागपूरहून आपले सामान घेऊन आली आहेत. संगणकावर उपजीविका करणाऱ्यांच्या या वस्तीत पहिल्यावहिल्या संगणकांची विचारपूस कोणी करावी, कशी करावी आणि कशाची नोंद ठेवावी, याची ही माहिती.

हौशी संगणक म्हणजे काय?

१९७० पर्यंत संगणक म्हणजे खोलीभर कपाटे, वातानुकूलन आणि पांढऱ्या डगल्यातील तज्ज्ञ असेच समीकरण होते. १९७१ मध्ये इंटेल कंपनीने '४००४' हा सूक्ष्मप्रक्रियक, म्हणजे मायक्रोप्रोसेसर, बाजारात आणला आणि संगणकाचा गणन करणारा संपूर्ण भाग एका लहानशा चिपमध्ये मावला. १९७४ मधील '८०८०' हा त्याच कंपनीचा अधिक समर्थ प्रक्रियक. त्याच्या आधाराने अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क येथील 'मिट्स' या छोट्या कंपनीने 'अल्टेअर ८८००' हा संगणक सुट्या भागांच्या स्वरूपात विक्रीस काढला. 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला आणि कंपनीकडे मागण्यांचा पाऊस पडला.

या यंत्राला ना कळफलक होता ना पडदा. समोरच्या फळीवरील खटके वर-खाली करून एकेक आज्ञा भरावयाची आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून उत्तर वाचावयाचे. मूळ संचातील स्मृती अवघी २५६ बाइट. तरीही संगणक स्वतःच्या मालकीचा असू शकतो, ही कल्पनाच लोकांना विलक्षण वाटली. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. या क्लबमध्ये येणाऱ्या स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी तयार केलेला संगणक १९७६ मध्ये 'अॅपल-१' या नावाने विकला गेला. पुढच्याच वर्षी 'अॅपल-२', 'कमोडोर पेट' आणि 'टीआरएस-८०' हे तीन तयार संगणक आले आणि हौस हळूहळू घरगुती वस्तू बनू लागली.

ब्रिटनमध्ये हीच वाट क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी अधिक स्वस्त केली. १९८० चा 'झेडएक्स-८०', १९८१ चा 'झेडएक्स-८१' आणि २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर झालेला 'झेडएक्स स्पेक्ट्रम' ही त्यांची यंत्रे. वेगळा पडदा नको, घरातील दूरचित्रवाणी संच पुरे. वेगळी डिस्क नको, साधा टेपरेकॉर्डर पुरे, हे त्यांचे सूत्र. स्पेक्ट्रमच्या मोठ्या आवृत्तीची स्मृती ४८ किलोबाइट होती. आजच्या मोबाइलवर काढलेले तीन मेगाबाइटचे एक छायाचित्र या स्मृतीच्या साठपटीहून मोठे भरेल. तेवढ्या जागेत बुद्धिबळ, हिशेब, चित्रकला आणि 'बेसिक' भाषेचे धडे सारे काही होई. ४८ किलोबाइटचा कार्यक्रम कॅसेटवरून भरण्यास सुमारे पाच मिनिटे लागत आणि तेवढा वेळ तो कर्कश चीत्कार साऱ्या घराला ऐकावा लागे.

भारतातील वाट

आपल्याकडे संगणकाचा आरंभ थोरल्या यंत्रांपासून झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या मार्गदर्शनाखाली संपूर्ण संगणक देशातच बांधण्यात आला. तो १९६० मध्ये कार्यान्वित झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. पुढे हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने 'टीडीसी-१२' हा संगणक तयार केला. परकी भांडवलावर मर्यादा घालणाऱ्या कायद्यामुळे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. त्याच सुमारास देशी खासगी कंपन्या पुढे येऊ लागल्या आणि 'एचसीएल'चा '८ सी' हा सूक्ष्मप्रक्रियकावर आधारलेला संगणक १९७८ मध्येच आला. ही यंत्रे कचेऱ्यांसाठी होती. मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात ती येणे शक्यच नव्हते.

तरीही छंद थांबला नाही. त्याने आपली वाट काढली. अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतनांतून '८०८५' प्रक्रियकाचे शिकाऊ संच आले. एक उघडी पाटी, सोळा आकडी-अक्षरी कळांचा छोटा कळफलक आणि सहा लाल आकड्यांचा पडदा, असे त्यांचे रूप. यंत्रभाषेतील आज्ञा षोडशमान पद्धतीच्या आकड्यांत लिहून भरावयाच्या. अमेरिकेतील सिरॅक्यूज येथील ओनोंडागा कम्युनिटी कॉलेजचे प्राध्यापक रमेश गावकर यांचे '८०८५'वरील पाठ्यपुस्तक १९८४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले आणि भारतातील विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. दिल्लीहून १९६९ पासून निघणारे 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' आणि १९८० च्या दशकात मुंबईहून निघणारी 'एलेक्टर'ची भारतीय आवृत्ती ही मासिके मंडलांची रेखाटने पुरवीत. सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रस्त्यावर आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीच्या परिसरात धुंडाळावे लागत.

१९ नोव्हेंबर १९८४ रोजी केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर केले. आयात व उत्पादनावरील निर्बंध सैल झाले. त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, शाळांतील संगणक साक्षरतेचा 'क्लास' हा प्रकल्प सुरू झाला आणि सुमारे अडीचशे शाळांत ब्रिटनचे 'बीबीसी मायक्रो' संगणक आले. नोकरीपेशातील घरांना संगणक हा शब्द परिचयाचा झाला तो याच काळात. तोवर वृत्तपत्रांतून 'गणकयंत्र' आणि 'संगणक' हे दोन्ही शब्द वापरले जात. पुढे 'संगणक' रुळला.

पुण्याचा स्पेक्ट्रम

या इतिहासातील एक पान थेट पुण्याचे आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या 'डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स' या कंपनीने सिंक्लेअरच्या 'स्पेक्ट्रम प्लस'ची परवानाप्राप्त आवृत्ती भारतात आणली. 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' हे तिचे नाव. मूळ 'स्पेक्ट्रम प्लस' ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९८४ मध्ये आला होता. आधीच्या यंत्राच्या रबरी कळांच्या जागी त्यात कडक प्लास्टिकच्या कळा होत्या. आतील रचना मात्र तीच, ३.५ मेगाहर्ट्झ गतीचा 'झेड-८०' प्रक्रियक आणि ४८ किलोबाइट स्मृती. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय 'अॅमस्ट्रॅड' या कंपनीने ५० लाख पौंडांना विकत घेतला. ब्रिटनमध्ये हे यंत्र मागे पडू लागले असताना भारतातील मुलांच्या हाती ते नवे कोरे पडत होते.

या यंत्राचे वेगळेपण समजून घेण्यासारखे आहे. त्याची वीज चालू केली की दुसरे काहीही न भरता थेट 'बेसिक' भाषा समोर येई. प्रत्येक कळेवर बेसिकमधील आज्ञा छापलेल्या असत आणि एक कळ दाबताच पूर्ण शब्द उमटे. शिकणाऱ्याला आज्ञा पाठ करण्याची वा शब्दलेखन चुकण्याची भीती नसे. पडदा ३२ स्तंभ आणि २४ ओळींचा. वापरणाऱ्याला आपल्या मनाप्रमाणे २१ चिन्हे घडविता येत. त्यांतील प्रत्येक चिन्ह आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसवावे लागे. रोमन अक्षर त्या चौकटीत सहज मावते. देवनागरीची शिरोरेषा, वरची वेलांटी, खालचा उकार आणि जोडाक्षरे तेवढ्या ६४ ठिपक्यांत बसविणे ही कसोटीच होती. आपल्या मुलाने पडद्यावर मराठीत स्वतःचे नाव उमटविले, अशी आठवण कोणी सांगितली तर त्यामागे चौकटीच्या वहीवर ठिपके भरण्यात गेलेली एखादी संध्याकाळ असणार, हे ध्यानात घ्यावे. ती चौकटीची वही सापडली तर तो मराठी संगणनाच्या इतिहासाचा अस्सल कागद होय.

या प्रश्नावर संस्थात्मक पातळीवर वेगळे काम चालू होते. आयआयटी कानपूर येथे मोहन तांबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' तंत्रज्ञान विकसित केले. १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था स्थापन झाल्यावर ते काम तेथे आले. त्याच संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक उभा केला. 'परम'ची नोंद सर्वत्र सापडते. त्याच शहरात तयार झालेल्या छोट्या स्पेक्ट्रमची नोंद मात्र अशा ठळकपणे कोठे झाली नाही. वास्तविक घरातील मुलांच्या बोटांखाली आलेला संगणक 'परम' नव्हे, तो स्पेक्ट्रमसारखा होता.

राजवाड्यांची वाट

इतिहासाची साधने घराघरांतून गोळा करण्याचा धडा महाराष्ट्राला नवा नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरील रुमाल सोडून त्यांनी कागद वाचले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे तिचे बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. अस्सल कागद प्रथम, मत नंतर, ही त्यांची शिस्त. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, कुलपे अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर जमविल्या आणि त्यांतून पुण्याचे राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. सामान्य घरातील वस्तूही इतिहास सांगते, हे त्यांनी दाखवून दिले.

हीच शिस्त हौशी संगणकाला लावली तर साधनांचे चार वर्ग पडतात. पहिला वर्ग यंत्राचा : संगणक, त्याचा विद्युतपुरवठा, जोडतारा, घरी बनविलेली जोडयंत्रे. दुसरा कागदांचा : माहितीपुस्तिका, पावती, हमीपत्र, जाहिरातीचे कात्रण, शिकवणी वर्गाची पत्रिका, हाताने लिहिलेल्या कार्यक्रमांच्या वह्या. तिसरा नोंदलेल्या माहितीचा : कॅसेट, फ्लॉपी, चिपमध्ये साठविलेले कार्यक्रम. चौथा आठवणींचा. यांतील यंत्र बहुधा सर्वांत कमी दुर्मीळ असते, कारण तसेच दुसरे यंत्र जगात कोठे तरी सापडते. पुण्यातील एखाद्या दुकानाची १९८७ ची पावती मात्र जगात एकच असते. किंमत काय होती, हप्ते होते काय, विक्रेता कोण, हे तीच सांगते. म्हणून खोके उघडताना यंत्राआधी कागद जपावेत.

यंत्राचे वय कसे ओळखावे?

यंत्राच्या तळाशी बहुधा अनुक्रमांकाची चिठ्ठी असते. तिचे छायाचित्र घ्यावे. आवरण उघडता आल्यास आतील पाटीवर आवृत्तीचा क्रमांक छापलेला दिसतो. चिपवर अनेकदा चार आकडी तारीख असते. पहिले दोन आकडे वर्षाचे व नंतरचे दोन आठवड्याचे. '८६२३' असे छापलेले असेल तर ती चिप १९८६ च्या तेविसाव्या आठवड्यातील. यंत्र तिच्याआधी तयार झालेले असू शकत नाही. मात्र दुरुस्तीत चिप बदललेली असू शकते. म्हणून एकाच चिपवर विसंबू नये. साऱ्या तारखा टिपून त्यांतील बहुसंख्य चिप ज्या काळाकडे बोट दाखवितात तो ग्राह्य धरावा.

काही चिपच्या माथ्यावर काचेची खिडकी असते आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटविलेली असते. ही चिठ्ठी कुतूहलापोटी काढू नये. या प्रकारच्या चिपमधील माहिती अतिनील किरणांनी पुसली जाते. थेट उन्हात साधारण आठवडाभर आणि ट्यूबलाइटच्या प्रकाशात सुमारे तीन वर्षे उघडी राहिल्यास ती नष्ट होऊ शकते, असे उत्पादक सांगत. एखाद्या विद्यार्थ्याने तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लिहिलेला कार्यक्रम त्या चिठ्ठीआड अद्याप शाबूत असू शकतो.

वीज लावण्याची घाई नको

माळ्यावरून काढलेला संगणक थेट विजेला जोडणे हा सर्वांत घातक मोह होय. जुने कपॅसिटर वाळतात वा गळतात, विद्युतपुरवठ्यातून भलताच दाब येऊ शकतो. स्पेक्ट्रमला नऊ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो. आज घरोघरी असलेल्या अॅडॅप्टरपैकी अनेकांत तो धन असतो. पिन बसते, पण यंत्र जळते. विद्युतपुरवठा आधी मीटरने तपासावा; ते जमत नसेल तर जाणत्या दुरुस्तीकाराकडे न्यावे. नंतरच्या काळातील पीसीमध्ये घड्याळासाठी छोटी बॅटरी असे. ती गळून पाटीवरील तांब्याच्या रेघा खाते. अशी बॅटरी दिसताच काढून टाकावी.

कॅसेट आणि फ्लॉपी यांचा शत्रू म्हणजे आपला पावसाळा. दमट हवेत फितीवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसत असतील तर ती फीत वा फ्लॉपी यंत्रात घालू नये, कारण बुरशी वाचकशीर्षाला चिकटून पुढच्या फितीवर जाते. कॅसेट चांगली असल्यास चांगल्या टेपरेकॉर्डरवर लावून तिचा आवाज संगणकात सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या दराने, दाबून लहान न करता, साठवावा. कार्यक्रम त्या आवाजातच असतो; आज्ञावलीच्या साहाय्याने त्यातून तो परत मिळविता येतो आणि आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रणालीत चालविता येतो. कॅसेटच्या दोन्ही बाजू शेवटपर्यंत ध्वनिमुद्रित कराव्यात. खेळ संपल्यानंतरच्या फितीवर कधी मुलाने स्वतः लिहिलेला कार्यक्रम असतो, तर कधी आधीच्या भावगीताचा तुकडा. दोन्ही त्या घराचा इतिहासच होत.

कायद्याचीही जाणीव हवी. प्रताधिकार कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय कार्यक्रमांचा समावेश साहित्यकृतींत झाला आणि ते संरक्षण निर्मात्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे टिकते. त्यामुळे स्वतःच्या मालकीच्या कॅसेटची जतनासाठी प्रत काढणे वेगळे आणि कंपनीचा खेळ सर्वांना वाटणे वेगळे. स्वतः लिहिलेला कार्यक्रम मात्र लेखकाने खुशाल सर्वांना द्यावा.

आठवणींचा काळ कसा ठरवावा?

यंत्र कधी घेतले, या प्रश्नाला 'पंच्याऐंशी-शहाऐंशी असेल' असे उत्तर येते. एवढ्यावर भागवू नये. जुने पुणेकर दीर्घकाळ 'पानशेतच्या आधी की नंतर' असे विचारून काळ ठरवीत, कारण १२ जुलै १९६१ चा तो पूर कोणीच विसरणे शक्य नव्हते. हौशी संगणकांच्या काळालाही असे मैलाचे दगड आहेत. १९८३ च्या जूनमध्ये भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दूरदर्शनवर दर रविवारी 'रामायण' मालिका दाखविली गेली.

यांपैकी शेवटचा दगड विशेष उपयोगी आहे. घरात दूरचित्रवाणी संच एकच असे आणि संगणकाला तोच लागे. रविवारी सकाळी संगणक सोडावा लागत होता काय, हा प्रश्न विचारला की आठवण ताजी होते आणि सालही हाती येते. म्हणून मुलाखत एकट्या यंत्रवाल्याची घेऊ नये. त्याची आई, बहीण, शेजारचा मित्र यांनाही विचारावे. पैसे कोठून आले, वडिलांनी होकार कसा दिला, कोणत्या मुलीला त्या कळांना हात लावू दिला नाही आणि कोणत्या मुलीने सर्वांना मागे टाकले, हे यंत्रवाला सांगेलच असे नाही.

मुलाखत सांगणाऱ्याच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावी; आरंभी तारीख, स्थळ आणि नावे उच्चारावीत. त्याच्या हातात ते यंत्र, पुस्तिका वा कॅसेट द्यावी. बोटे कळांवर गेली की विसरलेल्या आज्ञा आठवतात. ऐकीव आणि पाहिलेले यांची नोंद वेगळी करावी. सांगितलेली किंमत आणि पावतीवरील किंमत जुळत नसेल तर दोन्ही लिहाव्यात. एकही खोडू नये.

भंगाराची वाट

या साधनांना दोन वाटा असतात, संग्रहाची आणि भंगाराची. दुसरी वाट अधिक रुळलेली आहे. पिंपरी-चिंचवड परिसरात चिखलीजवळच्या कुदळवाडीत वर्षानुवर्षे भंगाराची असंख्य गोदामे होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने मोठी कारवाई करून तेथील बांधकामे पाडली. पुण्याच्या जुन्या बाजारात एखादा जुना कळफलक वा पाटी अजूनही नजरेस पडते. परंतु ती कोणाच्या घरातून आली, हे सांगणारा धागा तोवर तुटलेला असतो. घर सोडले की वस्तू राहते आणि इतिहास जातो.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासंबंधीचे नियम देशात मे २०१२ पासून लागू झाले आणि सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. जुन्या पाट्यांत शिसे असते, त्या उघड्यावर जाळल्यास विषारी धूर होतो. त्यामुळे अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे कचरा देणे योग्यच आहे. प्रश्न आहे तो देण्यापूर्वीच्या अर्ध्या तासाचा. तेवढ्या वेळात छायाचित्रे, अनुक्रमांक आणि मालकाच्या चार ओळी नोंदविता येतात. सर्वच यंत्रे जपणे कोणालाही शक्य नाही. नोंद मात्र सर्वांची ठेवता येते.

किमतीचा मोह धरण्याचे कारण नाही. पण किंमत कोठवर जाऊ शकते, याचे एक उदाहरण बोलके आहे. १९७६ मध्ये ६६६.६६ डॉलरला विकल्या गेलेल्या 'अॅपल-१'पैकी एक संगणक ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हेन्री फोर्ड संग्रहालयाने ९ लाख ५ हजार डॉलरना घेतला. अशी यंत्रे टिकली ती कोणी तरी ती टाकून दिली नाहीत म्हणून. आज अमेरिकेत माउंटन व्ह्यू येथे, ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्क आणि केंब्रिज येथे संगणकांच्या इतिहासाला वाहिलेली स्वतंत्र संग्रहालये आहेत. त्यांच्या संग्रहांतही घराघरांतून आलेल्या वस्तूंचा वाटा मोठा आहे.

नोंद कशी असावी?

एका वस्तूला एक पान, हा नियम पुरेसा आहे. पानावर वस्तूचे नाव, अनुक्रमांक, चिपवरील तारखा, सोबतचे कागद, कोणी, केव्हा, कोठे व किती रुपयांना घेतले, कशासाठी वापरले, कधी बंद पडले आणि ही माहिती कोणी, कोणत्या दिवशी सांगितली, एवढे असावे. छायाचित्रे समोरून, मागून, तळाशी आणि आतून. कागद सपाट ठेवून प्रतिमांकन करावे. पावत्या व छोट्या छपाईयंत्राचे उष्णतेवर उमटणारे कागद काळाने कोरे होतात. त्यांना पहिला मान द्यावा. मूळ कागदांना चिकटपट्टी वा प्लास्टिकचे कायम आवरण लावू नये. सर्व नोंदींच्या तीन प्रती निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. एखाद्या गृहरचना संस्थेतील चार-पाच जणांनी गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत आपापल्या इमारतीपुरते हे काम केले, तरी एका गावाची नोंदवही तयार होते.

चिंचवडला महापालिकेचे विज्ञान केंद्र आहे, पुण्यात संशोधक मंडळाची परंपरा आहे, शेजारी हिंजवडीत संगणकावर पोट भरणारी हजारो माणसे आहेत. या साऱ्यांच्या मधोमध असलेल्या पुनावळ्यासारख्या उपनगरात अशी नोंदवही सुरू होण्यास कोणाची परवानगी लागत नाही. राजवाड्यांना जे रुमाल सापडले ते शेकडो वर्षे टिकणाऱ्या कागदांचे होते. काही वाळवीने खाल्ले, तरी पुष्कळ उरले. कॅसेटची फीत, चिपमधील भार आणि साठीतल्या माणसाची आठवण यांना तेवढे आयुष्य नाही. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी माळ्यावरचे खोके एकदा खाली उतरवावे आणि ते कोणाचे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला शेजारी बसवून घ्यावे.